भविष्याची गोष्ट, स्वतःच्या आवाजात

'मी कोण होणार?' हा निबंध आपण पिढ्यानपिढ्या लिहून घेत आलो. आता त्याचीच चित्रफीत करून घेऊ लागलो आहोत. साधन बदलले, साचा तोच राहिला, ही आमची तक्रार आहे.

ज्यो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आदींनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात डिजिटल कथनाच्या कार्यशाळा घडवल्या. त्यांतून रूढ झालेला घाट साधा आहे : दोन-तीन मिनिटांचा अवधी, मोजकी छायाचित्रे आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज.

भावी व्यवसायावरील प्रकल्पाची आखणीही, आमच्या मते, संगणकापासून नव्हे तर काम करणाऱ्या माणसापासून सुरू व्हावी. परिचारिका व्हायचे असेल, तर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेशी आधी बोलावे. तिच्या संमतीने तिचे शब्द टिपावेत, मग संहिता लिहून ती वर्गात मोठ्याने वाचावी. चित्रे सर्वांत शेवटी निवडावीत. गुण देताना संकलनाच्या सफाईपेक्षा या भेटीने विद्यार्थ्याची कल्पना कुठे बदलली, हे पाहावे. 'माझे अजून ठरलेले नाही' असे प्रामाणिकपणे सांगणारी गोष्टही पूर्ण मानावी. सोळाव्या वर्षी भविष्य ठाऊक असल्याचे सोंग निबंधांतून आपण पुष्कळ शिकवले. पडद्यावर तरी ते शिकवू नये.