एक प्रत माहेरी

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचारी आपली रोजची कागदपत्रं ज्या 'जी-ड्राइव्ह'मध्ये ठेवत, ती जळून गेली. गेलेला डेटा होता ८५८ टेराबाइट, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. जगाला मोबाइल आणि मेमरी चिप विकणारा हा देश! त्याच्या सरकारवर ही वेळ येते, मग आपल्या हॉलमधल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं काय?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असं काय मोठं आहे? बघा ना, बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये आहे. क्लासच्या फीची यादी, डब्यांच्या ऑर्डरी, ब्लाउजची मापं, मुलांचे दाखले तिथेच आहेत. गेलेल्या आईचे शेवटचे फोटोही तिथेच. घरातल्या बाईचं कितीतरी काम आता वहीतून कॉम्प्युटरमध्ये आलंय. वही कपाटात जपून ठेवायची सवय आपल्याला आहे. तीच सवय इथे मात्र अजून लागलेली नाही.

'पण माझं सगळं गुगलवर आहे की!' असं बऱ्याच जणी सांगतात. इथे थोडं थांबायला हवं. गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट. अँड्रॉइड फोनमधला व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं आणि आपल्याला वाटत राहतं, जातायत. दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायलाही गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. थोडक्यात, ती खोली भाड्याची आहे. भाडं आणि नियम मालक ठरवणार.

आणखी एक गोंधळ. बॅकअप चालू असताना फोनवरच्या गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो खात्यातूनही जातो. ६० दिवस तो कचरापेटीत राहतो, नंतर कायमचा गेला. म्हणजे ही दुसरी प्रत नव्हेच, एकाच प्रतीकडे बघायच्या दोन खिडक्या.

मग करायचं काय? जाणकारांचा एक सोपा नियम आहे: तीन-दोन-एक. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये असतेच. दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यायची. तिसरी इंटरनेटवर, नाहीतर आणखी एका डिस्कवर घेऊन सरळ माहेरी ठेवायची! हसू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घरात शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटर आणि शेजारच्या ड्रॉवरमधली डिस्क एकदमच बुडते. प्रत दुसऱ्या गावी असेल तरच वाचते.

डिस्क सतत जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरमधल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही पोचतो. काम झालं की वायर काढा. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नाही. आणि लग्नाची सीडी? नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. जिच्याकडे जुना कॉम्प्युटर असेल तिच्याकडून ती आत्ताच उतरवून घ्या.

वार कुठला धरायचा? लाइटबिल भरायचा दिवस धरा, महिन्यातून एकदा येतोच. त्या दिवशी प्रत घ्यायची आणि तिच्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघायच्या. हे बघणं फार महत्त्वाचं. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चित्रपटाचं बरंचसं काम चुकून पुसलं गेलं. बॅकअप होता, पण तोही नीट चालत नव्हता आणि कुणी तपासलाच नव्हता! तेव्हा कामाला आली गॅलिन सुसमन. बाळ लहान म्हणून ती घरून काम करत होती, त्यामुळे तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. ब्लँकेटात गुंडाळून तो कॉम्प्युटर ऑफिसात नेला आणि बरंच काम परत मिळालं. एका बाळंतिणीच्या घरच्या प्रतीने कंपनीची लाज राखली, मैत्रिणींनो!

शेवटची गोष्ट जरा नाजूक. आपल्याकडे पासवर्ड बहुधा नवऱ्याला नाहीतर मुलाला माहीत असतो. मुलगा पुण्याला गेला किंवा घरात काही अघटित घडलं, की बाईला स्वतःचाच हिशेब उघडता येत नाही. कागदपत्रं आणि दागिने कुठे आहेत हे घरात दोघांना ठाऊक असतं. तसेच खात्याचं नाव आणि पासवर्डही वहीत लिहून कपाटात ठेवा. डिजिलॉकर उघडा, त्यातून मिळालेले दाखले कायद्याने मूळ प्रतीसारखेच मानले जातात. पण तो ज्या मोबाइल नंबरला जोडायचा, तो तुमचा स्वतःचा असू द्या. जपणं आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त जपलेल्या वस्तूची किल्लीही आपल्या हातात हवी.