आमच्यानंतर याचे काय?

बँकेत असताना एका गृहस्थांना मी काउंटरवरून परत पाठवले होते. मुलगा स्वमग्न, नुकताच अठरा पूर्ण झालेला. त्याचे खाते उघडायचे होते. ‘कोर्टाचा आदेश आणा,’ मी म्हणालो. वास्तविक १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीला पालक नेमण्याचा अधिकार दिला होता. तिचा दाखला खात्यासाठी चालेल, असे रिझर्व्ह बँकेने २००७मध्ये बँकांना कळवलेही होते. परिपत्रक माझ्याच फायलीत होते. मी ते वाचलेले नव्हते.

निवृत्तीनंतर अशा मुलांच्या एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहतो. खेळण्यांसाठी, खाऊसाठी देणग्या येतात. पण आईबापांचे अर्ज भरून देणाऱ्या, त्यांच्याबरोबर कचेरीत जाणाऱ्या बाईंच्या पगाराला देणगीदार मिळत नाही.

१९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६च्या कायद्यात तो आला. कायदे झाले, पण ते काउंटरपर्यंत नेण्याचे काम सरकारने जणू या संस्थांच्याच पदरात टाकले आहे, आणि तेही फुकट. ‘आमच्यानंतर याचे काय?’ या प्रश्नाला खाऊ हे उत्तर नव्हे. त्या बाईंचा पगार हे उत्तराचा आरंभ आहे.

ते गृहस्थ पुन्हा बँकेत आले नाहीत.