मंद आचेचा हिशेब

वाचकहो, दिवाळीच्या अंकात चकली-चिरोट्यांऐवजी मटणाची गोष्ट काढली म्हणून रागावू नका. आमच्या सोलापुरातल्या घरी भाऊबीज आटोपली की फराळाच्या डब्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. सगळ्यांना काळ्या मसाल्याची आठवण होते.

यंदा टेक्सासहून भाची आली. येताना तिने मामीसाठी विजेचे एक भांडे आणले. सकाळी त्यात मटण घालायचे, बटण दाबायचे आणि कामाला जायचे. आठ तासांनी काट्याने नुसते ओढले की मटणाच्या रेषा सुटतात. त्या मक्याच्या पातळ भाकरीत दुमडून वर कांदा, कोथिंबीर नि लिंबू घातले, की झाला मेक्सिकोचा टाको!

"मामा, हे वेळ नसणाऱ्यांसाठीच आहे," भाची म्हणाली.

ते खरेच. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांनी या भांड्याचे पेटंट १९४० साली मिळवले. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवीत नसत. म्हणून आदल्या संध्याकाळी जेवणाचे भांडे बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवीत. आईकडून ऐकलेल्या या हकिगतीवरून त्यांना ही कल्पना सुचली. १९७१ पासून हे भांडे 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आले आणि नोकरदार बायकांनी ते उचलून धरले.

आमची पंचाईत निराळीच झाली. भांडे १२० व्होल्टचे नि आमची वीज २३० ची! भांडे माळ्यावर गेले आणि मला आज्जी आठवली.

आज्जी विड्या वळायची. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघण्यापूर्वी ती मानेचे, नळीचे स्वस्त मटण पातेल्यात घाली, झाकणीत पाणी ओती आणि निखाऱ्यांवर राख सारी. ती परत येईतो मटण हाडापासून सुटलेले असे. आम्ही समजत होतो, आज्जीला सवड फार, म्हणून ती सावकाश शिजवते. हिशेब उलटा होता. निबर मटणातला चिवटपणा विरघळायला वेळ लागतो, आणि चुलीपाशी बसायला तिच्याजवळ तोच नव्हता. मटण आमच्या ताटांत जाई. तिच्या वाटणीला रस्सा नि भाकरी उरे. "मला रस्साच आवडतो गं बाई," असे ती आईला सांगे. आम्ही ते खरे मानले.

परवा रविवार नव्हता, पण मला सुटी होती. सौ. बँकेत गेल्यावर मी गॅसवर तवा, तव्यावर जाड बुडाचे पातेले ठेवले. एक किलो मटण, भाजलेला कांदा-खोबरे, काळा मसाला, झाकणीत पाणी. आच अगदी बारीक. साडेतीन तासांनी मटण पळीच्या टोकाने सुटले. भाचीने ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. त्या गरम असतानाच दुमडाव्यात; निवल्या की मोडतात. मक्याचेही तसेच, असे ती म्हणाली.

संध्याकाळी सौ. आली आणि सवयीने ताटे घेऊ लागली.

"आज तू आधी बस," मी म्हणालो.

"अहो, मला रस्सा पुरे—"

ते वाक्य मी या घरात पूर्वी ऐकले होते. पातेल्यातली सर्वांत मोठी नळी मी तिच्या ताटात वाढली.