फुटला नाही तोवर बदलायचा कशाला?

मंडळी, वरचं वाक्य माझं नाही. ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं आहे आणि ते ऐकल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे.

या गृहस्थांचा एक जुना ट्रक आहे. जांभ्याचे चिरे भरून तो कोकणातून घाटावर येतो. २०२४ च्या मे महिन्यात आंबा घाट चढताना इंजिन तापलं. ड्रायव्हर म्हणाला, "बघ रे पाणी." एकोणीस वर्षांच्या क्लीनरने हातात फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप क्लिपेपाशी चिरला होता आणि तिथून पाणी झिरपत होतं. पाइप ट्रकच्याच वयाचा!

परवा मालक भेटले. वरचा पाइप बदलला म्हणाले. आणि खालचा? "सर, तो फुटला नाही ना अजून!"

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, मला गाड्यांतलं काय कळणार? म्हणून दोन दुपारी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींजवळ जाऊन बसलो. त्यांनी एक जुना पाइप उभा चिरून दाखवला. बाहेरून काळाभोर, धडधाकट. आत क्लिपेजवळ भेगाच भेगा! रबर आतून कुजतं, म्हणून नुसतं बघून भागत नाही. इंजिन पूर्ण गार असताना पाइप बोटांनी दाबायचा. टोकाशी मऊ पडलेला, फुगलेला, कडक होऊन करकरणारा किंवा तेलाने माखलेला असेल तर बदलायचा. एक गेला की दुसऱ्याचंही वय झालेलं असतं. जुना पाइप उपटून ओढायचा नाही, सुरीने चिरून काढायचा, नाहीतर रेडिएटरची तोटी वाकते. क्लिपाही नव्या घालायच्या आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासायच्या.

दुसरा युक्तिवाद असा, की "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालतं." अहो, बंबात क्षारांचा थर साचलेला पाहिलाय ना? तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट काही फक्त बर्फासाठी नसतं. ते गंज रोखतं आणि पाणी उकळण्याचं तापमानही वाढवतं. मात्र ते विषारी असतं, चवीला गोडसर लागतं. पोरंबाळं आणि कुत्री यांच्यापासून लांब ठेवा.

तिसरे शहाणे थर्मोस्टॅटच काढून फेकतात, म्हणजे गाडी तापायलाच नको! मग इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातलाच हा प्रकार.

आणि खर्च? दोन पाइप, चार क्लिपा, एक कॅन कूलंट. इंजिनचं हेड वाकलं तर याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि गाडी उभी राहते ते वेगळंच. हा हिशेब मालकांना कळत नाही असं मुळीच नाही. बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी नवी लागते! मग पाइपाचीच एवढी काटकसर का?

मला वाटतं, याचं खरं उत्तर एवढंच की झाकण मालक उघडत नाही. बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण निघालं की त्याच क्षणी त्याची वाफ होते. ती अंगावर घेणारा क्लीनर असतो. मालकाची काटकसर आणि हात दुसऱ्याचा. याला मी काटकसर म्हणणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या दारात जुना ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी गार इंजिनाचे दोन्ही पाइप स्वतः दाबून पाहा. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कुणालाही उघडायला सांगू नका.

त्या विद्यार्थ्याला मी आठ दिवसांची मुदत दिली आहे. नवव्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. मास्तर निवृत्त झाला म्हणून गृहपाठ तपासायचं थोडंच सोडतो?