पाणी उडाले, मीठ राहिले

गेल्या चैत्रातली गोष्ट. जोतिबाची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. वाडी रत्नागिरीच्या गल्ल्यांतला गुलाल अजून पुरता धुतला गेला नव्हता. आमच्या गावाच्या नावात रत्नागिरी आहे, पण समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडे. तरी धाकट्याच्या हट्टापायी आम्ही समुद्र घरात आणला होता. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहिल्यापासून त्याने ध्यास घेतला होता. शेवटी 60 लिटरची काचेची टाकी, मिठाचे पाकीट आणि तीन मासे घरी आले.

एके दिवशी फजरला उठून दिवा लावला, तर एक मासा तळाशी आडवा. उरलेले दोन वर तोंड काढून धापा टाकत होते. मगरिबपर्यंत तेही गेले.

घरातल्या थोरल्यांनी नजर लागली म्हटले. आम्ही दुकानदारावर राग काढला, आजारी मासे दिलेत म्हणून. त्याने शांतपणे विचारले, "मॅडम, पाणी कमी झालं की तुम्ही काय घालत होता?"

"मिठाचंच पाणी. अगदी मोजून," आम्ही ऐटीत सांगितले. तो काहीच बोलला नाही.

घरी येऊन धाकट्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "अम्मी, पण मीठ कुठं वाफ होऊन उडतं?"

वर्षानुवर्षे आम्ही वर्गात मिठागराचा धडा शिकवतो. पाणी उडते, मीठ मागे राहते, हे फळ्यावर काढून दाखवतो. आणि घरी तेच विसरलो! दोघांनी मिळून हिशेब केला. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असते; म्हणजे टाकीत 2100 ग्रॅम. डोंगरावरचा कोरडा वारा, वर पंखा आणि टाकीला झाकण नाही. रोज लिटरभर पाणी उडायचे, आणि तितकेच खारे पाणी आम्ही घालायचो. 20 दिवसांत 700 ग्रॅम मीठ वाढले. लिटरला जवळपास 47 ग्रॅम! समुद्री मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यालाही मर्यादा आहे. त्यात पाणी जितके गरम आणि जितके खारट, तितका त्यात प्राणवायू कमी. पहिला मासा मेला, आणि त्याला वेळेवर बाहेर न काढल्याने अमोनिया वाढून पाणी आणखी बिघडले असणार.

मासे असे एकाएकी मरणे कोल्हापूरकरांना नवे नाही. उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह आटतो, सांडपाणी तेवढेच येत राहते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो. तेव्हा आपण पाणी कोणी बिघडवले, असे लगेच विचारतो. घरच्या टाकीपाशी मात्र तो प्रश्न आम्हाला सर्वांत शेवटी सुचला.

"म्हणजे आपणच मारलं त्यांना?" धाकट्याने विचारले. नाही म्हणणे सोपे होते. आम्ही म्हटले, "हो बेटा. मुद्दाम नव्हे, पण आपल्याच हातून झालं." तो रडला. आमचेही डोळे भरले.

मांजर कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आम्ही मुलांना कितीदा सांगितली आहे. आम्ही तर माशांना पोटभर खायला घालत होतो, म्हणून स्वतःला तिच्यापेक्षा बरे समजत होतो. पण कोंडलेल्या जिवाला नेमके काय हवे, हे शिकून घेणे हासुद्धा त्याचा हक्क आहे. नुसत्या मायेने तो पुरा होत नाही.

ज्यांच्या घरी अशी टाकी आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी थोडे. उडालेल्या पाण्याच्या जागी साधे, क्लोरीन नसलेले पाणी घालावे. खारे पाणी फक्त टाकीतले पाणी बदलताना. मीठ हायड्रोमीटरने तपासावे, काटा 1.025 च्या आसपास असावा. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत. मेलेला मासा लगेच काढावा.

आमची टाकी दोन महिने रिकामी होती. आता तिच्यात दोनच मासे आहेत. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ आखली आहे. रोज संध्याकाळी धाकटा आरओचे पाणी घेऊन येतो, त्या रेघेपर्यंत भरतो आणि वहीत तारीख लिहून ठेवतो.