अभिजाततेची फाईल

साहित्याची व्याख्या कोण करतो, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा भरत, मम्मट, ॲरिस्टॉटल, मर्ढेकर अशी ठरलेली नावे पुढे येतात. केंद्रीय मंत्रालयातील टिपणाला या यादीत जागा नसते, आणि ती असावी असे आम्हांलाही बरीच वर्षे वाटले नव्हते. परंतु गेल्या वीस वर्षांत भारतीय भाषांच्या वाङ्मयपरंपरेविषयी जे सर्वाधिक परिणामकारक वाक्य लिहिले गेले, ते एका शासकीय निकषाचे वाक्य आहे. परंपरा ‘मूळची’ असावी, दुसऱ्या भाषकसमूहाकडून उसनी घेतलेली नसावी, असा त्याचा आशय. २०२४ मध्ये हे वाक्य वगळले गेले. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याच्या आनंदात या वगळण्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतली, असे आम्हांला वाटत नाही. म्हणून हे टिपण.

आधी थोडा पूर्वेतिहास. २००४ मध्ये केंद्रात आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात तमिळला अभिजात भाषा म्हणून घोषित करण्याचे वचन होते. १२ ऑक्टोबर २००४ रोजी ती घोषणा झाली. प्रारंभीच्या ग्रंथांची अथवा नोंदलेल्या इतिहासाची हजार वर्षांहून अधिक प्राचीनता, पिढ्यान्‌पिढ्या मौल्यवान वारसा मानले गेलेले प्राचीन साहित्य, आणि उसनी नसलेली वाङ्मयपरंपरा, असे तीन निकष तेव्हा ठरले. भाषांचे प्रस्ताव तपासणारी तज्ज्ञ समिती साहित्य अकादमीच्या अंतर्गत स्थापन झाली ती त्यानंतर, नोव्हेंबर २००४ मध्ये. म्हणजे अभिजाततेचा वर्ग आधी निर्माण झाला आणि त्याचे परीक्षक नंतर आले. पुढच्याच वर्षी, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, हजार वर्षांची अट दीड ते दोन हजार वर्षांवर गेली. भाषेचे वय एका दुरुस्तीने पाचशे वर्षांनी अपुरे ठरू शकते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांला कुणी शिकवली नव्हती.

आता त्या तिसऱ्या निकषाकडे पाहू. ‘मूळची’ आणि ‘उसनी’ ही विभागणी वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु ती मराठीला लावून पाहिली तर काय उरते? ज्ञानेश्वरी हे गीतेवरील भाष्य आहे. एकनाथांचे भागवत हे मूळ संस्कृत ग्रंथाच्या एकादश स्कंधावर उभे आहे. वामनपंडितांची यथार्थदीपिका गीतेवरची टीका आहे आणि मोरोपंतांचे भारत तर नावातच आपले ऋण सांगते. टीका, भावार्थ, आख्यान या रूपांनीच मध्ययुगीन मराठी कविता वाढली. ज्याला शासकीय भाषेत ‘उसने’ म्हणता येईल, तेच आपल्या परंपरेत नवनिर्मितीचे मुख्य साधन होते. हे मराठीपुरतेही मर्यादित नाही. नवव्या शतकातील कन्नड कविराजमार्ग दंडीच्या काव्यादर्शाशी जवळचे नाते सांगतो. नन्नय्याच्या महाभारतापासून तेलुगू काव्यपरंपरेचा आरंभ मानला जातो. तरीही २००८ मध्ये या दोन्ही भाषा अभिजात ठरल्या, आणि ते योग्यच झाले. मग त्या निकषाचा अर्थ प्रत्यक्षात कसा लावला जात होता? ‘ओरिजिनल’ या युरोपीय स्वच्छंदतावादाने प्रतिष्ठित केलेल्या कल्पनेने भारतीय साहित्याचे मूल्यमापन करावे काय, हा खरे तर आमच्या विद्याशाखेचा प्रश्न. तो फाईलमध्ये सोडवला गेला, किंबहुना न सोडवताच वापरला गेला.

मराठीचा प्रस्ताव या व्यवस्थेतून कसा गेला, हेही पाहण्याजोगे आहे. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने २०१२ मध्ये समिती नेमली. नाणेघाटातील लेख, गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृत आणि मराठी यांचे सातत्य अशी बांधणी करणारा तिचा अहवाल तयार झाला आणि २०१३ मध्ये प्रस्ताव केंद्राकडे गेला. भाषातज्ज्ञ समितीने मराठीची शिफारस केली. तरीही प्रश्न सुटला नाही. २०१७ मध्ये मंत्रिमंडळापुढे ठेवायच्या टिपणाच्या मसुद्यावर आंतरमंत्रालयीन सल्लामसलत सुरू झाली. त्या वेळी गृह मंत्रालयाने निकष सुधारून अधिक कठोर करावेत असा सल्ला दिला, आणि आणखी किती भाषा पात्र ठरू शकतील याचा अंदाज घ्यावा असा अभिप्राय पंतप्रधान कार्यालयाने नोंदवला. केंद्र सरकारने स्वतःच ही माहिती निर्णयानंतर प्रसिद्ध केली आहे. संसदेत खासदार प्रश्न विचारत राहिले आणि प्रस्ताव विचाराधीन असल्याच्या आशयाची उत्तरे येत राहिली. ‘विचाराधीन आहे’ या शब्दप्रयोगात विचार करणारा सांगितलेला नसतो. कोण विचार करतो आहे, कशाचा विचार करतो आहे आणि कुठे अडला आहे, हे त्या वाक्यरचनेत सांगावेच लागत नाही. अशा वाक्यरचनेचा एवढा राजकीय उपयोग व्याकरणाच्या तासाला आम्ही कधी दाखवून दिला आहे?

शेवटी २५ जुलै २०२४ रोजी भाषातज्ज्ञ समितीच्या बैठकीत निकष एकमताने सुधारले गेले. ‘उसनी नसलेली परंपरा’ हा निकष गेला. त्याच्या जागी ज्ञानग्रंथ, काव्याबरोबरच विशेषतः गद्य ग्रंथ, आणि शिलालेखांचा व कोरीव लेखांचा पुरावा आला. भाषेचे अभिजात रूप तिच्या आजच्या रूपाहून वेगळे असू शकते, तसेच पुढील रूपांशी खंडितही असू शकते, ही मुभा कायम राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

या बदलाचे आम्ही स्वागतच करतो. गद्याचा स्वतंत्र उल्लेख होणे हे लीळाचरित्रासारखा ग्रंथ असलेल्या भाषेला न्याय देणारे आहे. परंतु अकादमीच्या समितीने आणि शासनाने हा बदल का केला, याचे वाङ्मयीन विवेचन आमच्यासमोर आलेले नाही. दुसरे असे की एकाच दिवशी मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषा अभिजात ठरल्या. मग गाथासप्तशती कोणाची? ती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणून प्राकृताची. आणि महाराष्ट्री हे मराठीचे पूर्वरूप, म्हणून मराठीचीही. दोन्ही दावे एकत्र खरे असू शकतात, पण ते कसे, हे सांगण्याची जबाबदारी वाङ्मयेतिहासकारांची आहे. प्रशासनाला दोन स्वतंत्र नोंदींनी भागते. आम्हांला भागू नये.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सारे राजकारण होते. तमिळची घोषणा आघाडीच्या गरजेतून झाली आणि मराठीची महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. पत्रांना एवढे महत्त्व कशाला? आक्षेपात तथ्य आहे. परंतु निवडणूक फार तर निर्णय केव्हा होणार हे ठरवते. निर्णयात काय असेल, कोणत्या शब्दांत असेल आणि उद्या त्या शब्दांवर कोण कसला हक्क सांगू शकेल, हे मसुद्यात ठरते. सभेतील भाषण विरून जाते; अध्यासने, पुरस्कार, उत्कृष्टता केंद्रे यांचे पैसे मात्र मसुद्यातील शब्दांच्या आधारे मिळतात किंवा अडतात.

याचा ताजा दाखला महाराष्ट्रातच आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ‘अनिवार्य’ केली. राज्याच्या भाषा सल्लागार समितीचे तत्कालीन अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हा निर्णय मागे घेण्याची मागणी केली. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ गेले आणि ‘सर्वसाधारणपणे’ आले. मात्र हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट जोडलेली होती. गावातल्या छोट्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात वीस मुले एका पर्यायी भाषेसाठी कुठून आणायची? क्रियाविशेषण सौम्य झाले होते, वाक्याचा परिणाम फारसा बदलला नव्हता. लोकांनी ते ओळखले, रोष वाढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. शब्दाचे असे वाचन करणे हेच तर समीक्षेचे काम. या वेळी ते पालकांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी रस्त्यावर उतरून केले.

पत्रव्यवहाराच्या वाचनाची परंपरा मराठीला नवी नाही. शिवकाळात राज्यकारभाराची परिभाषा घडवण्यासाठी राजव्यवहारकोश रचला गेला. हैदराबादेहून गोविंदराव काळे नाना फडणिसांना लिहीत, ती पत्रे आम्ही मराठी गद्याचे वैभव म्हणून शिकवतो. वकिलाच्या एका पत्राने दरबाराचे धोरण कसे फिरे, हे राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांतून आम्ही वाचले आहे. अठराव्या शतकातील सरकारी पत्र साहित्य ठरते आणि एकविसाव्या शतकातील सरकारी पत्र कारकुनी ठरते, असे का? भाषा रुक्ष झाली हे एक कारण. दुसरे असे की ती बहुधा मराठीत नसते. संविधानाच्या ३४६ व्या अनुच्छेदानुसार राज्य आणि केंद्र यांच्यातील व्यवहाराची भाषा ही संघराज्याची राजभाषा आहे. मराठीच्या थोरवीचा दावाही केंद्रापुढे औपचारिकरीत्या मांडायचा तो हिंदीत किंवा इंग्रजीत. गोविंदराव काळ्यांपुढे ही अडचण नव्हती.

आमच्या अभ्यासक्रमांत ‘व्यावहारिक मराठी’ किंवा ‘उपयोजित मराठी’ नावाची अभ्यासपत्रिका असते. तीत विद्यार्थी ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’ यांच्या जागा पाठ करतो आणि ‘उचित कार्यवाहीस्तव सादर’ असे लिहून गुण मिळवतो. पत्र कसे भरावे हे त्याला येते. पत्र काय करते हे त्याला विचारले जात नाही. आमची सूचना साधी आहे. या पत्रिकेत एक घटक शासकीय लेखनाच्या चिकित्सक वाचनाचा असावा. वर उल्लेखिलेले दोन शासन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, अभिजाततेचे २००४, २००५ आणि २०२४ चे निकष पाठभेदांसारखे तपासावेत. ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहण्याची शिस्त आपल्याकडे आहेच. ती येथेही चालेल.

संशोधकांसाठी तर मोठे दालन उघडे आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार, निर्णय घेऊन प्रकरण पूर्ण झाल्यावर मंत्रिमंडळाच्या निर्णयामागील कारणे आणि त्यांचा आधार असलेली सामग्री, कायद्यातील इतर अपवाद वगळून, खुली करणे अपेक्षित आहे. मराठीच्या अभिजात दर्जाचा निर्णय झाला आहे. तेव्हा २०१३ ते २०२४ या अकरा वर्षांतील टिपणे, अभिप्राय आणि मसुदे मागवून त्यांवर एखाद्या विद्यार्थ्याने पीएच.डी.चा प्रबंध लिहावा. तिसरा निकष कोणी, कोणत्या युक्तिवादाने वगळला, याचे उत्तर त्याला मिळाले तर ते मराठी समीक्षेच्या इतिहासातलेच एक प्रकरण असेल.