मोत्या हाकेवर आहे काय?

बीड जिल्ह्यातील कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली ती २०२१ च्या डिसेंबरात. माजलगाव तालुक्यात वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर नि छपरांवर नेत होती. वनखात्याने दोन वानरे पकडली. मेलेल्या पिलांचा आकडा ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे फुगवला. पण बिनकठड्याच्या विहिरीत पडून, मालमोटारीखाली सापडून किंवा रानडुकरांसाठी ठेवलेले विष खाऊन जी मरतात, त्यांना दोन ओळींची जागाही मिळत नाही.

ह्या मुलखात कुत्रे बांधून ठेवण्याची रीत नाही, आणि साखळीचा उपदेश मीही करणार नाही. राखणीचे कुत्रे खुंट्याला अडकवले तर शेत कोण राखणार? ते भटकणारच. प्रश्न एवढाच, की ते तुमच्या हाकेसरशी मागे फिरते काय?

आपण कुत्र्याशी बोलतो तरी काय, पाहा. भाकर टाकताना 'यू यू', कुणाच्या अंगावर सोडताना 'छू', आणि उरलेला सारा वेळ 'हाड'! 'मोत्या' म्हणून हाक मारायची ती बहुधा काठी पाठीमागे लपवून. मग मोत्याने यावे तरी कशाला? तो दुरूनच शेपूट हलवतो, ही त्याची सभ्यताच म्हणायची.

तेव्हा पहिला नियम असा, की बोलावून कधी मारायचे नाही. बैलाचा जुना कासरा त्याच्या पट्ट्याला बांधा आणि मोकळ्या रानात त्याला हुंगत फिरू द्या. मग एकदाच, खणखणीत हाक मारा. आला की लगेच भाकरीचा तुकडा. त्याला सुकटीचा वास असेल तर फारच उत्तम. नाही आला तर ओरडू नका, कासरा हळूच ओढून आणा आणि तरीही तुकडा द्या. तुकडा देऊन पुन्हा मोकळे सोडा. नाही तर हाक म्हणजे खेळ संपला, असा हिशेब तो मांडील. रशियाच्या पावलॉव्हला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल, पण लोकांच्या लक्षात राहिली ती खुणेसरशी लाळ गाळणारी त्याची कुत्री. आपल्या मोत्याचे पोटही त्याच जातीचे आहे.

दुसरा शब्द 'सोड'. मुठीत तुकडा धरा. तो चाटील, नखे मारील, स्वस्थ राहा. त्याने तोंड मागे घेतले की 'सोड' म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. पुढे हाच खेळ जमिनीवर टाकलेल्या तुकड्याशी. बांधावर पडलेले विषारी आमिष टाळायला ह्याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

दिवाळीचे चार दिवस मात्र ह्या साऱ्याला अपवाद. फटाक्याने बिथरलेले कुत्रे हाक ऐकत नाही. त्याला आधीच घरात घ्यावे.

आणि दिवाळी म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीला निघण्याचे दिवस. पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, कुठलाही तालुका घ्या. टोळ्या निघतात आणि गाड्यांबरोबर कुत्रीही. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते, गाडा आपणच ओढतो, असे आपण हसून म्हणतो. पण डांबरी रस्त्यावर त्याच्याइतके शहाणे कुत्रे दुसरे नाही! ती जागा त्याला गावातच शिकवावी. रिकामी गाडी सावकाश चालवावी आणि चाकांच्या आत राहील तोवर अधूनमधून तुकडा टाकावा.

उसाच्या फडात धोका निराळा. पश्चिम महाराष्ट्रात बिबट्या उसातच पिले घालतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात त्याचा आहार तपासला; २०१६ साली छापलेल्या त्या अभ्यासात भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. कोपीबाहेर रात्री बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढलेले पान, आणि त्याच कोपीत कोयत्याची लेकरे झोपलेली असतात. म्हणून दिवस मावळताच एक हाक, आणि मोत्या आत. ही सवय फडात जाऊन लागत नाही. गाडी जुंपण्यापूर्वी पंधरा दिवस तरी रोज त्याच वेळी बोलावून आतच खायला घालावे लागते.

ह्याच पंधरवड्यात जनावरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळण्यावरची लस टोचून घ्यावी. तीन महिन्यांच्या पिलालाही ती देता येते.